कॅन्सरचं महागडं औषध परवडायचं कसं? विमा असताना आणि नसताना

चिंचोळी एमआयडीसीतून सुटलेली सकाळची शिफ्ट साडेतीन-चारच्या सुमारास पुणे रस्त्याला लागते, तेव्हा माझ्या दवाखान्यात गर्दी असते. ताप, पाठदुखी, डोळ्यात गेलेला कण, हाताला लागलेला पत्रा. अशाच एका दुपारी एक मशीन ऑपरेटर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. त्यांना दोन वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक सावकाश वाढणारा प्रकार झाल्याचं निदान झालं होतं. इमॅटिनिब ही रोजची गोळी सुरू होती, पेशी आटोक्यात होत्या. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी पुन्हा वाढलेल्या दिसत होत्या.

"गोळी रोज घेताय ना?" असं विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, चार महिने झाले, एक दिवसाआड घेतोय. मुलाची फी होती."

हे त्यांनी त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. घरीही सांगितलं नव्हतं.

एक दिवसाआड गोळी घेतली तर निम्मा फायदा होईल, असा हिशेब आपण करतो. औषध तसं चालत नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर आटोक्यात येण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के होती. ज्यांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती २८.४ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकल्या इतकंच. माझा रुग्ण पंधरा चुकवत होता.

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, एमबीबीएस डॉक्टर आहे. कोणतं औषध द्यायचं हे मी ठरवत नाही. पण औषधाचे पैसे संपले की माणूस आधी तज्ज्ञांकडे जात नाही, आमच्यासारख्यांकडे येतो. इतक्या वर्षांत जे दिसलं ते असं: मदत मिळण्याच्या बहुतेक वाटा पहिलं बिल भरायच्या आधी उघड्या असतात, नंतर त्यातल्या बऱ्याच बंद होतात. म्हणून पैशाची गोष्ट पहिल्याच भेटीत, निदानाच्या कागदाबरोबर बोला. "डॉक्टरांना काय वाटेल" हा विचार सोडा. कॅन्सरच्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा आहे.

एकच औषध, पण किंमत एक नाही

तुम्हाला मेडिकलमध्ये जो आकडा सांगितला, तीच त्या औषधाची किंमत असं धरून चालू नका. इमॅटिनिबचंच उदाहरण घ्या. मूळ कंपनीच्या ग्लिव्हेक या ब्रँडचा खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ही स्वस्त गोळी बाजारात टिकली. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या औषधाला सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला.

पुढे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. एर्लोटिनिबच्या एका ब्रँडची छापील किंमत तेव्हा ९,९९९ रुपयांवरून ८९१ रुपयांवर आली. पेमेट्रेक्सेडच्या एका इंजेक्शनची २२,००० वरून २,८०० वर. हे आकडे पुन्हा वाचा. औषध तेच, कारखाना तोच, मधला फरक केवळ छापील किंमत आणि खरी किंमत यांच्यातला होता. सगळीच औषधं या यादीत नाहीत, त्यामुळे छापील एमआरपी आणि घाऊक दर यांच्यात आजही मोठी दरी असते.

म्हणून तज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा. या औषधाचं भारतीय कंपनीचं जेनेरिक, किंवा इंजेक्शन असेल तर बायोसिमिलर मिळतं का? तुमच्या रुग्णालयाच्या फार्मसीत ते कितीला पडतं? आणि परवडलं नाही तर याच्याजवळ जाणारा दुसरा उपचार कोणता?

तिसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. "स्वस्त म्हणजे हलकं" असं वाटतं. आपल्याकडे तंबाखू, मावा आणि मशेरीमुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर, म्हणून तिथलंच उदाहरण देते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं आणि मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या अगदी थोड्या भागात, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ, गोळ्यांच्या केमोबरोबर देऊन पाहिलं. १५१ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होतं, निवोलुमॅबची छोटी मात्रा दिलेल्या गटात ४३.४ टक्के. तिथल्याच आधीच्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या सिस्प्लॅटिनच्या सलाईनपेक्षा थोड्या सरस ठरल्या होत्या. हे उपचार पुढच्या टप्प्यातल्या, पूर्ण बरं करणं शक्य नसलेल्या रुग्णांसाठी होते, प्रत्येकाला लागू नाहीत. पण मात्रा कमी करायची असेल तर ती अशी, तज्ज्ञांनी तपासून कमी करायची असते. घरी बसून एक दिवसाआड नाही.

पगारातून ईएसआय कापतात का, ते आज बघा

एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू आहे. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. वीस हजार पगार असेल तर तुमचे दीडशे रुपये जातात. या दीडशे रुपयांत तुमच्यासह बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे उपचार येतात.

कॉन्ट्रॅक्टरकडे असलात तरी ईएसआय लागू होतो. माझ्या त्या रुग्णाच्या स्लिपवर दर महिन्याला ईएसआयची कपात दिसत होती. त्याचं कार्ड मात्र त्यांनी कधी काढलं नव्हतं. "ते सर्दी-खोकल्यासाठी असतं ना?" हा त्यांचा प्रश्न. नाही. कॅन्सरचे उपचार ईएसआयच्या अतिविशेष सेवेत येतात. स्वतःच्या रुग्णालयात सोय नसेल तर ईएसआय करार केलेल्या रुग्णालयात कॅशलेस पाठवतं.

अट एकच, आणि लोक तिथेच अडकतात: वाट ठरलेली आहे. आधी ईएसआयचा दवाखाना, तिथून सोलापूरचं कामगार विमा रुग्णालय, तिथून रेफरची चिठ्ठी. ही चिठ्ठी न घेता तुम्ही थेट खासगी रुग्णालयात गेलात, तर नंतर बिलाचे पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. रांगा असतात, सह्या असतात, कधी औषध उपलब्ध नसतं म्हणून स्थानिक खरेदीची वाट बघावी लागते. हे सगळं त्रासाचं आहे, नाकारत नाही. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या औषधासाठी हा त्रास एकदा करून घेण्यासारखा आहे. अतिविशेष उपचारांसाठी ठरावीक काळाची नोकरी आणि हप्ते भरलेले असावे लागतात, तेव्हा शाखा कार्यालयात स्वतःची पात्रता लेखी विचारून घ्या.

औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पगार. आजारपणात ईएसआय वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार देतं. कॅन्सरसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, त्यात ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार अंशदान कालावधींत मिळून १५६ दिवसांचे हप्ते लागतात. घरातली कमावती व्यक्ती आजारी असते तेव्हा गोळीचे पैसे या रकमेतूनच उभे राहतात.

आणखी एक. पगारवाढ होऊन २१,००० च्या वर गेलात म्हणून त्याच दिवशी संरक्षण संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, असा जो सहामाही कालावधी चालू असेल तो संपेपर्यंत हप्ता कापला जातो, आणि त्या हप्त्यांचा लाभ पुढच्या काळातही मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत. त्यामुळे "आता मी बसत नाही" असं परस्पर ठरवू नका.

ईएसआय नाही, पण रेशनकार्ड आहे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना ती लागू झाली आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पांढरं कार्ड असलेली कितीतरी माणसं अजूनही "आमचं बसत नाही" म्हणून अंगावरचं सोनं मोडतात. एकदा विचारा तरी.

योजना फक्त अंगीकृत रुग्णालयात आणि फक्त कॅशलेस चालते. आधी खर्च केलेले पैसे परत मिळत नाहीत. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. सोलापूर शहरात कॅन्सरची रुग्णालयं आहेत. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या अनेकांना माहीत नसतं. कोणत्या रुग्णालयात तुमचा नेमका उपचार योजनेत आहे, हे १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतं.

मर्यादाही सांगते. योजना ठरलेल्या पॅकेजच्या यादीवर चालते. केमोची बरीच औषधं, किरणोपचार, शस्त्रक्रिया त्यात येतात. अगदी नवी औषधं बहुधा येत नाहीत, आणि बाहेरच्या मेडिकलमधून घेतलेल्या औषधाचं बिल योजना देत नाही. डॉक्टरांनी यादीबाहेरचं औषध लिहिलं असेल तर "यादीतलं काय चालेल?" हा वरचा तिसरा प्रश्न इथे पुन्हा विचारायचा.

मेडिक्लेम असेल तर

पॉलिसीच्या कागदात "मॉडर्न ट्रीटमेंट" हे शब्द शोधा. विमा नियामकाने २०१९ साली बारा आधुनिक उपचारांची यादी केली. त्यात तोंडावाटे घ्यायची केमो आणि इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे इम्युनोथेरपी, दोन्ही आहेत. कंपनी हे उपचार सरसकट नाकारू शकत नाही, पण त्यांच्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. पाच लाखांच्या पॉलिसीत गोळ्यांच्या केमोला लाखभराचीच मर्यादा निघाली, असं होऊ शकतं. ही मर्यादा उपचार सुरू होण्याआधी माहीत असली पाहिजे. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्यांवरून "ही केमो नाही" असा वाद निघतो. तेव्हा "हा कॅन्सरचा चालू उपचार आहे" असं तज्ज्ञांचं पत्र क्लेमला जोडा.

"चोवीस तास ॲडमिट नव्हता" म्हणून केमोचा क्लेम नाकारला गेला तर लगेच मान्य करू नका. सलाईनची केमो सहसा डे-केअरमध्ये धरतात. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

कंपनीने दिलेली ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. आजारामुळे राजीनामा द्यायचा विचार असेल, तर तो देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. राजीनामा देऊन, कॅन्सरच्या निदानासह नवी पॉलिसी मागायला गेलात तर काय उत्तर मिळेल, हे तुम्हीच ओळखा.

यातलं काहीच नसेल तर

धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. मोठमोठी नावाजलेली रुग्णालयंही यात येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलावर जायचं. हे टेबल बिलिंग काउंटरइतकं ठळक दिसत नाही, शोधावं लागतं.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी १ लाख ६० हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार आणि रेशनकार्ड लागतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या हातात येत नाहीत, आणि झालेल्या खर्चासाठी मिळत नाहीत. मुंबईत उपचार असतील तर इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या जुन्या संस्था आहेत. टाटाचे समाजसेवक त्यांच्यापर्यंत पोचवतात.

अगदी महाग, एकाच कंपनीकडून येणाऱ्या औषधांसाठी त्या कंपन्यांचे रुग्ण सहाय्य कार्यक्रम असतात: काही डोस विकत घेतले की पुढचे मोफत, असं त्यांचं स्वरूप. त्यात नाव तज्ज्ञांमार्फत आणि बहुतेक वेळा पहिल्या खरेदीच्या आधीच नोंदवावं लागतं. "आधी एक डोस घेऊन बघू, मग विचारू" असं केलं की तो डोस मोजला जात नाही.

खरेदी करताना जनऔषधी केंद्रात विचारा, कॅन्सरच्या काही गोळ्या तिथे असतात. पण "अर्ध्या किमतीत इंजेक्शन आणून देतो" म्हणणारा ओळखीचा माणूस टाळा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महागड्या केमोच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात दुसरंच द्रव भरून ती विकत होती. बॅच क्रमांक असलेलं बिल घ्या आणि तुमची रिकामी बाटली नर्सला तुमच्यासमोर नष्ट करायला सांगा.

मुंबईला जावं लागत असेल तर रेल्वेची सवलत सोडू नका. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने महिन्यातून दोनदा जाणाऱ्या घरासाठी ही छोटी रक्कम नाही.

माझ्या रुग्णाची गोष्ट राहिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञांना फोन करून सगळं सांगितलं. जनुकीय तपासणी पुन्हा झाली. सुदैवाने गोळीला प्रतिकार तयार झालेला नव्हता, नाहीतर याहून महाग औषधावर जावं लागलं असतं. ईएसआयचं कार्ड, रेफर आणि मंजुरी यांत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांच्या गोळ्या त्यांच्या मेव्हण्याने घेऊन दिल्या, कारण आता घरी माहीत होतं.

तुमच्याही घरी शेवटची स्ट्रिप उघडली असेल आणि पुढच्या महिन्याची सोय नसेल, तर स्ट्रिप संपायची वाट बघू नका. दहा गोळ्या शिल्लक असताना रुग्णालयाच्या समाजसेवकाला फोन करा आणि तारीख सांगा: अमुक दिवशी माझी गोळी संपते.